थोरल्या जाऊबाई

मराठी व्याकरणात ‘जावा’ हा शब्द अनेकवचनी आहे. घरात एक असेल तर ती जाऊ आणि एकीहून जास्त झाल्या की त्या जावा. मी आईवडिलांना एकुलता एक. त्यामुळे माझं स्थळ सांगून गेलं तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी ज्या दोन गोष्टी बघून होकार दिला, त्यांतली पहिली म्हणजे माझी शाळामास्तराची कायम नोकरी आणि दुसरी म्हणजे ‘पोरीला जाऊ नाही’. यांतली दुसरी गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना जास्त समाधानानं सांगत, असं मला मागाहून कळलं.

१९९८ साली माप ओलांडून ही पुसेगावच्या आमच्या घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गोणपाट पांघरून उभी असलेली एक भारदस्त वस्तू तिला दिसली. “हे काय हो?” तिनं दबक्या आवाजात विचारलं. मी गोणपाट बाजूला सारलं आणि अभिमानानं म्हणालो, “जावा!”

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, “एकच तर दिसती.”

त्या दिवसापासून आमच्या मोटारसायकलला घरात ‘थोरल्या जाऊबाई’ हे नाव पडलं. थोरल्या अशासाठी, की त्या घरात आल्या १९७३ साली. पंचवीस वर्षांची ज्येष्ठता! शिवाय थोरल्या जाऊबाईंना शोभणारे सगळे गुण त्यांच्या अंगी होते. दसऱ्याला पहिला हार त्यांना. पावसाची चिन्हं दिसली की अंगणातली वाळवणं भिजली तरी चालतील, पण आधी त्यांना आत घ्यायचं. आणि पाहुण्यांसमोर त्या इतक्या गुणी वागत, की घरच्यांनी केलेल्या तक्रारी ऐकणाऱ्याला खोट्याच वाटाव्यात. हा शेवटचा गुण वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सगळी हकिगत त्या एका गुणाची आहे.

जाऊबाईंचं मूळ घराणं परदेशातलं. प्रागच्या यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ असं नाव ठेवलं. आपल्याकडे आईवडिलांच्या नावांतली अक्षरं जोडून बंगल्याला नाव देतात ना, तसंच. आपल्या देशात त्या १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागल्या. पुढं त्यांचंच नाव बदलून ‘येझदी’ झालं आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे आमची ही घरात यायच्या आधी दोन वर्षं थोरल्या जाऊबाईंचं माहेर तुटलं होतं. माहेर तुटलेल्या बाईशी सासरच्यांना फार जपून वागावं लागतं. तिचे सुटे भाग मिळत नाहीत.

त्यांना घरात आणलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. गावोगाव जाऊन बैलांचे खांदे, गाईंची कास आणि म्हशींची अडलेली बाळंतपणं बघायची. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही जावा २५० जुनी म्हणून घेतली. मी तेव्हा पाळण्यात होतो. या गाडीत गिअरची दांडी आणि किकची दांडी एकच. आत दाबून मागं उभी केली की किक, पुन्हा पुढं पाडली की गिअर. अण्णा म्हणायचे, “काटकसरी बाई आहे. एका हातानं पोळी लाटती, त्याच हातानं भाजती.”

आता थोडं गावाबद्दल. पुसेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईकडची माणसं “सेवागिरी महाराजांचं का?” असं म्हणून हात जोडतात. ते पुसेगाव साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. आमचं पुसेगाव सेनगाव तालुक्यात, जिल्हा हिंगोली. आणि हा जिल्हासुद्धा १ मे १९९९ ला झालेला. त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत होतो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती विद्वानांनी काय लावायची ती लावावी. माझ्या मते जिथं दिसेल तो माणूस पुसतो, ते पुसेगाव. गाडी रस्त्यात बंद पडली की याची प्रचिती येते.

“बंद पडली का सर?”

“नाही. उभी केलीय.”

“पेट्रोल हाय का बघा.”

“आहे.”

“काटा उघडलाय का?”

“उघडलाय.”

“मग बंद कशानं पडायली?”

हेच तर कळत नव्हतं! कायमची बंद पडलेली गाडी हा काही फार मोठा प्रश्न नसतो. ती फिटरकडं टाकावी, फिटरनं ती खोलावी, आपण खिसा खोलावा आणि विषय संपवावा. पण अधूनमधून बंद पडणारी गाडी म्हणजे अधूनमधून दुखणारं पोट. डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवला की थांबतं.

आमच्या जाऊबाईंना हे दुखणं जडलं एका चैत्रात. सकाळी पहिल्या किकला सुरू. गावातून हिंडून या, शाळेत जाऊन या, तक्रार नाही. पण उन्हाचं जरा लांब निघालो की वीसेक मिनिटांनी एकदा ठसका लागायचा, मग दोनदा, मग फटाक्यासारखा एक आवाज आणि शांतता. दहा मिनिटं झाडाखाली उभं करा, की पुन्हा पहिल्या किकला सुरू. जसं काही झालंच नव्हतं.

मी आणि अण्णा एकादशीला या गाडीवर नर्सीला जात असू. नर्सी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव. जाताना जाऊबाई भजनी मंडळात बसल्यासारख्या एका लयीत चालायच्या. परत येताना मात्र एका ठरावीक कडुनिंबाच्या आसपास त्यांचा आवाज बसायचा. नामदेवांचं कीर्तन चाललं असताना औंढ्याच्या नागनाथाचं देऊळच्या देऊळ फिरलं, अशी आमच्या भागातली कथा आहे. देऊळ फिरलं, पण आमचं इंजिन फिरेना! मग मी घाम पुसत प्लग काढायचो आणि अण्णा निंबाच्या बुडाशी बसून १९७२ च्या दुष्काळात छावणीतली गुरं कशी जगवली, ते सांगायचे. घरी अण्णा फारसं बोलत नाहीत. घरी मीही नसतो. शाळा, शिकवण्या, निवडणुकीची कामं. त्या निंबाखाली दोघांनाही दुसरं काही करण्यासारखं नसायचं.

हिंगोलीत एक जुने उस्ताद आहेत. दुचाकीचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतात, अशी त्यांची ख्याती. मी त्यांच्याकडं निघालो. हिंगोलीच्या अलीकडं गाडी बंद पडली. थांबलो, सुरू झाली, दुकानापर्यंत पोचलो. उस्तादांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, “सर, गाडी तो एकदम मख्खन हय.” परत येताना मख्खन वितळलं. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. वाटेत बंद पडायलाच नको म्हणून गाडी टेंपोत घालून नेली. उतरवली तेव्हा ती माठातल्या पाण्यासारखी गार होती. पहिल्या किकला सुरू! टेंपोवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं, की धडधाकट माणसाला मी खाटेवर घालून दवाखान्यात आणलंय.

तिसऱ्या खेपेला उस्ताद माझी नाडी बघायला लागले.

इथं एक कबुली द्यायला हवी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना शिकवलाय, की त्यांतली काही मुलं आज वीज मंडळात आहेत आणि माझ्याच घरची वीज तोडायला येतात. त्यामुळे ठिणगी कशी पडते हे मला फळ्यावर अगदी व्यवस्थित येतं. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पॉइंट जुळलेले असले की सहा व्होल्टच्या बॅटरीचा करंट पहिल्या वेटोळ्यातून वाहतो. पिस्टन वर येता येता पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात काही हजार व्होल्ट उसळतात. तीच प्लगमधली ठिणगी. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास ही रचना मोटारीत आणली आणि पुढं साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोलगाड्या याच युक्तीवर पळाल्या. जाऊबाईंच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास ठिणग्या. आमच्या शाळेच्या घंटेला दिवसातून आठ वेळा वेळेवर वाजता येत नाही, तिथं सेकंदाला पन्नास वेळा!

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, “बरं. मग पडत का नाही ठिणगी?”

विज्ञान इथं थांबतं आणि संशय सुरू होतो. पहिला संशय प्लगवर. टू-स्ट्रोकचा प्लग म्हणजे पेट्रोलबरोबर तेल पिणारा प्राणी. तोंड काळं व्हायचंच. बदलला. गाडी चार दिवस चांगली चालली, पाचव्या दिवशी निंब. मग टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल असं पोस्टमास्तर म्हणाले. भोक बुजलं की आत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी अशीच थोड्या वेळानं मरते. भोक सुईनं साफ केलं. निंब. कार्बोरेटर उकलला. निंब. बॅटरीच्या तारा घट्ट केल्या. निंब. पॉइंटना पॉलिश पेपर मारला आणि त्यांच्यातली फट अंदाजे ०.४ मिलिमीटर केली. फट मोजायची पाती आमच्याकडं नाही; अण्णांच्या जमान्यापासून आम्ही त्यासाठी जुनं पोस्टकार्ड वापरतो. पुन्हा निंब.

राहता राहिला कंडेन्सर. अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची डबी. आत धातूचा पापुद्रा आणि कागद गुंडाळलेला. तिचं काम काय? अण्णांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. दावं सोडताना जनावर हिसका देतं ना, तसा पॉइंट उघडताना करंट हिसका देतो. तो हिसका अंगावर घेणारा गडी म्हणजे कंडेन्सर. गडी अशक्त झाला की करंट पॉइंटमध्येच उडी मारतो, तिथंच ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. तापल्यावर आतला कागद दगा देतो, गार झाला की पुन्हा शहाणा होतो. आमच्या दुखण्याशी हे तंतोतंत जुळत होतं.

मी एका जुन्या भागांच्या व्यापाऱ्याला कंडेन्सर पाठवायला कळवलं. पत्ता लिहिला: मुक्काम पोस्ट पुसेगाव. तालुका लिहायचा राहिला. माझा कंडेन्सर थेट सेवागिरी महाराजांच्या चरणी गेला आणि दोन महिने तिथंच राहिला. तोवर थांबवेना म्हणून मी गावाबाहेरच्या एका दुकानातून मिळाला तो नवा कंडेन्सर आणून बसवला. चार दिवस गाडी हरणासारखी पळाली. मी पेढे वाटले. पाचव्या दिवशी, अर्थात, निंब. साताऱ्याचा कंडेन्सर शेवटी फिरून फिरून आला, तेव्हा मी तो न उघडताच अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. कंडेन्सर तर बदलून झाला होता! दोष तिथं नाही हे ‘सिद्ध’ झालं होतं. विज्ञानाच्या मास्तरानं ‘सिद्ध’ हा शब्द किती जपून वापरावा, हे मला तेव्हा कळलं नाही.

अण्णांचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांनी एका जुन्या रजिस्टरावर जाऊबाईंचा केसपेपर उघडला होता. तारीख, वेळ, ऊन की ढग, किती मिनिटांनी बंद, किती मिनिटांनी सुरू. मी हसलो. अण्णा म्हणाले, “अरे, जनावर बोलत नाही. त्याचा मालक नको तेवढं बोलतो. दोघांच्या मधोमध जे खरं असतं ते लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही.” अशी दोन वर्षं गेली. रजिस्टरची पानं भरत गेली आणि माझी हौस रिकामी होत गेली.

तेवढ्यात मुलगी बारावी झाली आणि तिला शहरातल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. वसतिगृहाची फी ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. इकडं २०१८ च्या नोव्हेंबरात ‘जावा’ हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा बाजारात आलं होतं आणि तेव्हापासून जुन्या जाऊबाईंनाही मागणी येऊ लागली होती. कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि पौषातल्या एका सकाळी पुण्याहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. हातमोजे काढता काढता त्यांनी सांगितलं, की जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावावाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. त्यांच्या स्वतःच्या घरी अशा तीन आहेत. “तीन?” आमची ही दाराआडून पुटपुटली, “मग त्या खऱ्या जावा.”

त्यांनी जो आकडा सांगितला त्यात दोन वर्षांची फी बसत होती. अण्णांना विचारलं. ते गाडीकडं न बघता म्हणाले, “नातीचं शिक्षण आधी.” आणि आत गेले.

पाहुण्यांनी किक मारली. पहिल्या किकला सुरू. गावाला एक चक्कर मारून आले. सुरू. सेनगावच्या रस्त्यानं दूरवर जाऊन आले. सुरू! मी अंगणात उभा राहून आयुष्यात प्रथमच तिच्या बंद पडण्याची वाट बघत होतो आणि आयुष्यात प्रथमच, ती बंद पडू नये असंही तितक्याच जोरानं वाटत होतं. पाहुणे परत आले ते खूश होऊन. “सर, काही प्रॉब्लेम?” त्यांनी विचारलं.

वाचकहो, आता खरं सांगतो. मी म्हणालो, “जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार चालायचंच.”

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते फार वाईट होतं.

पाहुण्यांनी विसाराचे पैसे काढले. मी हात पुढं केला. तेवढ्यात अण्णा आतून गाडीची कागदपत्रं घेऊन आले. आर.सी. बुक, विम्याच्या पावत्या आणि सगळ्यांच्या वर ते रजिस्टर. “हेही राहू द्या,” ते पाहुण्यांना म्हणाले. “पेशंट दुसऱ्या दवाखान्यात चालला की केसपेपर सोबत जातो.” त्यांच्या मनात मला उघडं पाडायचं अजिबात नव्हतं. खरेदीच्या व्यवहारात दुखणं लपवायचं असतं, हे त्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलंच नव्हतं. माझा पुढं झालेला हात मी हळूच मागं घेऊन डोकं खाजवलं.

पाहुण्यांनी रजिस्टर उघडलं आणि उभ्यानं दोन पानं वाचली. मग ओसरीवर बसून दहा वाचली. मला वाटलं, आता हातमोजे चढवणार. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तेज होतं. “अण्णासाहेब, हे तर उन्हाबरोबर चालतंय! एप्रिलमध्ये वीस मिनिटं, ऑगस्टमध्ये पस्तीस, आणि डिसेंबरमध्ये नोंदच नाही!”

“थंडीत दुखत नाही,” अण्णा म्हणाले. “ताप चढल्यावर दुखतं. पण ताप असताना तपासायला कुणी तयारच नाही. हे तपासायला नेतात तोवर ताप उतरलेला.”

“मग चढवू या ताप,” पाहुणे म्हणाले.

आणि पुढचा तास आमच्या अंगणात एक अपूर्व सोहळा झाला. जाऊबाईंना भिंतीच्या आडोशाला, उन्हात, वारा लागणार नाही असं उभं केलं आणि इंजिन चालू ठेवलं. धावत्या गाडीला वाऱ्याचा गारवा मिळतो. उभ्या गाडीला नाही. धुरानं अंगण भरलं. गल्लीतली माणसं गोळा झाली. पुसेगावच ते!

“काय करायलाव सर?”

“गाडी बंद पडायची वाट बघतोय.”

“ती तर चालायली की.”

“म्हणूनच वाट बघतोय.”

माणसं एकमेकांकडं बघून बसून घेत होती. हिनं सगळ्यांना चहा दिला. पंचविसाव्या मिनिटाला जाऊबाईंना पहिला ठसका लागला. पाहुण्यांनी मला टाळी दिली. सत्ताविसाव्या मिनिटाला फटाका आणि शांतता. जमलेल्या मंडळींनी असा आनंद व्यक्त केला, की गावात नवीन आलेल्या माणसाला वाटावं, आमच्या घरात पुत्रजन्म झाला.

“आता उशीर करू नका,” अण्णा ओरडले. उजव्या बाजूचं झाकण झटकन काढलं. आतलं दिसावं म्हणून अंधार हवा, तेव्हा हिनं गोधडी आणून टाकली. त्या गोधडीखाली मी, पाहुणे आणि ऐंशीच्या घरातले अण्णा अशी तीन डोकी, आणि बाहेरून एक विद्यार्थी किक मारतोय. पॉइंट उघडला की त्यांच्यात लख्ख निळी ठिणगी! प्लगमध्ये हवी होती ती इथंच उडत होती.

“कंडेन्सर,” पाहुणे म्हणाले.

“तो नवा आहे,” मी म्हणालो. “बदललाय.”

गोधडीबाहेरून हिचा आवाज आला. “आत नवीन कोण आलंय ते बघा की आधी. घरात काही बिघडलं की सगळे नव्या सुनेकडं बोट दाखवतात. गाडीतच बरा नव्याला सगळा गुन्हा माफ!”

गोधडीखाली तिघंही क्षणभर गप्प झालो. त्यांतले दोघं या घरातले होते.

खरं होतं ते. एकदा एखादी वस्तू बदलली, की तिच्यावर आपण पुन्हा संशय घेत नाही. जुना कंडेन्सर म्हातारा होऊन गेला होता आणि त्याच्या जागी आलेला नवा जन्मतःच दुबळा होता. रोग तोच, रोगी दुसरा. दोन वर्षं मी उरलेल्या सगळ्या निरपराध भागांना कोठडीत घालून मारत होतो आणि खरा चोर ‘नवा’ या एका पदवीवर उजळ माथ्यानं फिरत होता.

अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली. त्यात साताऱ्याचा प्रसाद तसाच पडलेला होता. एक स्क्रू, एक तार, पाच मिनिटं. इंजिन अजून इतकं गरम होतं, की हात लावला तर चटका बसावा. पहिल्या किकला सुरू! मग आम्ही तिला तसंच तासभर तापवलं. ठसका नाही की फटाका नाही. “बंद पडत नाही का आता?” कुणीतरी विचारलं आणि मंडळी जरा निराश होऊन घरोघरी गेली.

पाहुण्यांनी पुन्हा पाकीट काढलं. आता दोष राहिला नव्हता, म्हणून आपणहोऊन आकडा वाढवला. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा शांतपणे हात धूत होते.

“बरी होत नव्हती म्हणून देत होतो,” ते म्हणाले. “बरी झालेली गाय कुणी विकतं का?”

म्हणजे बिघडलेली गाडी विकली तर लबाडी आणि चांगली गाडी विकली तर मूर्खपणा! या हिशेबानं जगात एकही गाडी विकली जाणार नाही. पण हा हिशेब पाहुण्यांना मात्र लगेच पटला. त्यांनी पाकीट खिशात ठेवलं, रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले, अण्णांच्या पाया पडले आणि हातमोजे घालून पुण्याला गेले. मुलीच्या फीसाठी मी पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. हप्ता भरायच्या दिवशी मला अण्णांचा थोडा राग येतो. बाकीचे दिवस येत नाही. तो बाद झालेला कंडेन्सर अण्णांनी दोऱ्यानं रजिस्टरच्या शेवटच्या पानाला बांधून ठेवलाय आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘रोगी बरा. केस बंद.’

त्यानंतरच्या चैत्रात एकादशीला आम्ही दोघं नर्सीला गेलो. ऊन रणरणत होतं. दर्शन घेतलं, परत फिरलो. इंजिन एका लयीत चाललं होतं. सेकंदाला पन्नास ठिणग्या, एकही चुकत नव्हती. निंब जवळ आला. निंब मागं पडणार, एवढ्यात अण्णांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

“थांबव.”

“काय झालं अण्णा? आवाज वेगळा येतोय का?”

“नाही. थांबव जरा.”

मी गाडी सावलीत उभी केली आणि किल्ली काढली. अण्णा बुडाशी आपल्या नेहमीच्या जागी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मीही बसलो. या वेळी प्लग काढायचा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. थोड्या वेळानं अण्णांनी दुष्काळातल्या छावणीची गोष्ट सुरू केली. ती मी अनेकदा ऐकली होती, पण अर्धं लक्ष प्लगमध्ये ठेवून. त्यात एक वासरू होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

एक सायकलवाला आला, पाय टेकून थांबला. पुसेगावचाच असणार.

“बंद पडली का?”

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “हो.”